विहीणबाईंचे खुराडे

भाऊबीजेला लेक माहेरी आली नाही म्हणजे आईच्या जिवाला स्वस्थता नसते. २०२४ च्या दिवाळीत आमचे तसेच झाले. "आई, भातकापणी उरकली नाही आणि कोंबड्यांना लस टोचायची तारीख ठरली आहे, तेव्हा या खेपेला मला येता येणार नाही," असा तिचा फोन आला. भावाने तोंड पाडले. हे काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना म्हणाले, "एवढी बी. एस्सी. केली ती कोंबड्या राखायला!" ते वाक्य मला फार लागले, कारण माझ्याही मनात तेच होते. तुळशीचे लग्न झाले आणि मी पिशवी भरली, म्हटले आपणच जाऊन पाहून यावे.

आमचे गाव कऱ्हाड तालुक्यात, काळ्या रानात. ऊस, सोयाबीन आणि दोन म्हशी. कोंबडीचे नाव आमच्या घरात कोणी काढीत नाही, त्याला कारण आहे. आम्ही कर्ज काढून पाचशे पक्ष्यांची अंड्याची शेड घातली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्ल्यू आला. आमच्यापासून ते ठिकाण कितीतरी लांब, आमची एकही कोंबडी आजारी पडली नाही. पण अंडी कोणी घेईना. खाद्याची उधारी वाढत गेली. शेवटी पक्षी मिळेल त्या भावाने काढले आणि शेडमध्ये कडबा भरला. तो अजून तिथेच भरतो. अशा घरातली मुलगी कोकणात जाऊन पुन्हा कोंबड्यांतच रमली, हे मला कसे रुचावे?

कऱ्हाडहून कोल्हापूर आणि तेथून फोंडा घाटाची एस. टी. धरली. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे गाडीत आम्हां बायकांचीच गर्दी. राधानगरी गेले, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण मागे पडले, दाजीपूरचे दाट रान लागले आणि मग गाडी खाली खाली उतरू लागली. घाट उतरला की मातीचा रंगच पालटतो. आमच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती तांबडी माती पाहून वाटते, हिच्यात काय पिकत असेल? कणकवलीला गाडी बदलून कुडाळला पोहोचेतो ऊन कलले होते. जावई स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे होते.

लेकीचे घर कर्ली नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीत आहे. वाडीत घरे नऊ. मागे डोंगर, पुढे भाताचे कोपरे, मध्ये चिऱ्याचे कौलारू घर. घरापुढे नुकतेच सारवलेले खळे, म्हणजे आपल्याकडचे अंगण. खळ्यात तुळस. एका बाजूस भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली. मागे विहीर, तिच्या भोवती माड आणि पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल. सगळे मिळून घराभोवतीची जागा वीस गुंठेही नसेल. आमच्याकडे एवढ्या जागेत माणूस उसाचे पुरते दोन ट्रॅक्टर भरत नाही.

"येवा, येवा! पाय धुवा, मगे चाय घेवया," असे म्हणत विहीणबाई पुढे आल्या. लेक मागून आली, हाताला माती. मी तिच्याकडे नीट पाहिले. रापली होती, पण वाळली नव्हती. आईचा निम्मा जीव तिथेच खाली पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती कोंबड्याच्या आरवण्याने. आमच्या गावात आता आरवणे ऐकू येत नाही, भोंग्यांनीच जाग येते. बाहेर आले तर विहीणबाई खुराड्याचे दार उघडीत होत्या. हे खुराडे पडवीला लागून चिऱ्याचे बांधलेले आहे, तळालाही चिरेच बसवले आहेत. माती ठेवली तर मुंगूस खालून उकरून आत शिरतो. दाराला फळी, फळीला बाहेरून धोंडा. एकेक कोंबडी वाकून बाहेर यायची, पंख झाडायची आणि खळ्यात पळायची. विहीणबाई मोजत होत्या. बोटांवर नाही, रंगांवर. काळी, कवडी, तांबडी, उलट्या पिसांची, मानेला पिसे नसलेली. त्या म्हणाल्या, आकड्याने मोजले तर कोणती नाही ते कळत नाही.

दाणा म्हणून फार काही नाही. मूठ-दोन मूठ कणी, कोंड्याचा गोळा, संध्याकाळी पुन्हा थोडे. बाकीचे पोट त्या स्वतः भरतात. पिलांसाठी मात्र व्याही डोंगराकडून वारुळाचा ढेकळा फोडून आणतात. त्यातल्या वाळवीवर पिले अशी तुटून पडतात की पाहत बसावे. व्याही मुंबईला गिरणीत होते. जानेवारी १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. तरणे होते तेव्हा, गावी आले आणि वडिलांबरोबर भातात उतरले. "गिरणीचा भोंगा गेला, हा कोंबड्याचा भोंगा राहिला," असे ते हसून म्हणतात. हसतात, पण पुढचे बोलत नाहीत.

परसातली भाजी पाहून मात्र मी खरोखर थक्क झाले. पावसाळ्यातल्या मांडवावर पडवळ आणि दोडक्याचे वाळके वेल अजून होते, बियांसाठी राखलेली चार-दोन फळे लोंबत होती. खाली भात कापलेल्या कोपऱ्यात नवे वाफे. लाल माठ, मुळा, वाली, मिरची, वांगी. वाली म्हणजे घेवड्याच्या जातीची लांब शेंग. लाल माठाचे बी मोहरीहून बारीक. ते राखेत कालवून फोकतात, म्हणजे एका जागी दाट पडत नाही आणि मुंग्याही नेत नाहीत. तीन-चार आठवड्यांत पहिली भाजी उपटायला येते. न्हाणीघराचे पाणी वाया जात नाही, पन्हळीने ते अळूच्या खाचरात आणि तेथून केळीला जाते. वाफ्यांना पाणी कळशीने, सकाळ-संध्याकाळ. लेक सकाळी चाळीस कळशा ओतते. मी मोजल्या. मोटर आहे, पण ती माडांसाठी. लाल माठावर पाइपाची धार धरली तर रोप आडवे होते, असे तिने मला शिकवले. मी तिला लहानपणी चूळ भरायला शिकवले होते.

आता ज्या घरी कोंबड्या आणि भाजी दोन्ही आहेत, त्या घरातले भांडण तुम्हां बायकांना सांगायला नको. कोंबडीला ओला वाफा दिसला की ती उकरल्याशिवाय राहत नाही. पूर्वी आमच्या सासूबाई दिवसभर काठी घेऊन बसत. इथे वाफ्यांभोवती काठ्यांची वई, म्हणजे कुंपण, आणि वईवरून मासेमारीचे जुने जाळे टाकलेले. किनाऱ्यावरच्या गावातून फाटकी जाळी स्वस्तात मिळतात. जाळ्यात पाय अडकतो म्हणून कोंबडी जवळ जात नाही. एप्रिलच्या शेवटी भाजी संपली की जाळी काढून घेतात आणि कोंबड्यांना मोकळे सोडतात. किडे, अळ्या, तणाचे बी सगळे त्या वेचून काढतात. खुराड्यातली विष्ठा राख आणि पाल्याबरोबर खड्ड्यात कुजते, मग वाफ्यात पडते. ताजी घातली तर रोप करपते. हा धडा लेकीने पहिल्याच वर्षी वांग्याची तीस रोपे घालवून घेतला.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांहून जास्त देत नाही. आमच्या शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्या तीनशेच्या घरात देत. मी हे बोलून दाखवले. विहीणबाईंनी वाद घातला नाही. फडताळातला हळदीचा जुना डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यात नोटा होत्या. गावठी अंड्याला जागेवर बारा ते पंधरा रुपये मिळतात, कोंबड्याला पाच-सहाशे. भाजीच्या जुड्या लेक बाजाराला नेते. भाताचे पैसे नवऱ्याच्या हातात, काजूचे पैसे सोसायटीच्या खात्यात, मुंबईच्या धाकट्या मुलाचे पैसे आले तर आले. डब्यातले पैसे मात्र घरातल्या बायकांचे. गॅसची टाकी त्यातून, औषध त्यातून, पाहुण्याला हातावर ठेवायचे ते त्यातून. हा डबा दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी आमच्या शेडच्या हिशेबाच्या वहीत कधी पाहिले नव्हते. आमची अंडी लाखांनी मोजली गेली आणि माझ्या हातात त्यातला रुपया आला नाही. ते सगळे खाद्याच्या दुकानात गेले.

एक गंमत सांगते. एवढी अंडी असून घरात कोणी खात नाही. जेवायला कुळथाची पिठी, भात, खोबरे घातलेली लाल भाजी, सुका बांगडा. अंडे फक्त आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. मी पाहुणी म्हणून मला उकडून दिले, तेव्हा मला ते गिळवेना.

त्या रात्री विहीणबाईंनी मला जे सांगितले ते लेकीने तीन वर्षांत फोनवर एका शब्दाने सांगितले नव्हते.

लग्न डिसेंबर २०२१ मध्ये झाले. पुढचा शिमगा झाला आणि कोणा पाहुण्याने बाजारातून आणलेला कोंबडा दोन दिवस खुराड्यात कोंडून ठेवला. तो सुस्त होता. कोणाच्या ध्यानात आले नाही. आठवडा गेला आणि कोंबड्यांनी माना टाकल्या. हिरवट हगवण, चोच उघडून धापा, मग मान पिळवटून पाठीवर जायची. आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो हा रोग, डॉक्टर लोक राणीखेत म्हणतात. आला की त्यावर औषध नाही. "सा दिसात सदतीस कोंबयो गेल्यो. खुराड्याचा दार उघडूक माझो हात जायत नाय होतो," विहीणबाई म्हणाल्या. एकेचाळीसांतल्या चार उरल्या. पहिल्या दिवशीच्या मेलेल्या कोंबड्या कोणीतरी वहाळात टाकल्या, तो रोग मग खालच्या घरांतही गेला.

आणि वाडीत कोणीतरी बोललेच. नवी सून आली आणि खुराडे रिकामे झाले. पायगुण!

मी अंधारात बसले होते म्हणून बरे. माझी पोर चार महिन्यांची नवी नवरी, परक्या मुलखात, भाषा वेगळी, आणि तिच्या कपाळी हे. तिने ते ऐकले होते का, असे मी विचारले. ऐकले होते. चुलीपाशी बसून रडलीही होती. विहीणबाईंनी मग बोलणाऱ्या बाईला खळ्यात उभी केली आणि सगळ्यांदेखत सांगितले, "पायगुण कसलो? लस मियाच देवक नाय." लस मीच दिली नाही. दोष माझा आहे. सासूने सुनेसाठी असा दोष अंगावर घ्यावा, हे मी माझ्या आयुष्यात थोडेच पाहिले आहे.

लस का दिली नाही, तर कुपी शंभर कोंबड्यांची येते. एकदा त्यात पाणी मिसळले की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. ज्याच्या घरी दहा-बारा कोंबड्या त्याने ती कशाला आणावी? म्हणून कोणीच आणीत नसे. लेकीने मग घरोघर फिरून कोंबड्या लिहून घेतल्या. बेत साधा होता: नऊ घरांनी एकच कुपी आणायची. पुष्कळांनी नकार दिला. सुई टोचली की कोंबडी अंडी देणे थांबवते, असा समज. पहिल्या खेपेला चार घरे तयार झाली. पशुधन पर्यवेक्षक स्वतः येऊन दोनदा टोचून गेले, हिला शिकवून गेले. आता वर्षातून दोनदा तारीख ठरते. लहान पिलांना सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या पुढे गेली की सुई. विकत आणलेली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी डालायची, मगच खुराड्यात.

यंदा भात लांबले, दिवाळीची तारीखही त्यामुळे पुढे गेली होती. मी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती आली. आदल्या दुपारी जावई तालुक्याला जाऊन कुपी घेऊन आले. बर्फ भरलेला थर्मास, त्यात कुपी. रात्री लेक घरोघर सांगून आली की उद्या सकाळी आम्ही येईपर्यंत कोणी खुराडे उघडू नका. कोंबडी एकदा बाहेर पडली की मग ती सापडणे देवाच्या हाती.

पहाटे पाचला आम्ही निघालो. मी बॅटरी धरायला. लेकीने गार उकळून निववलेल्या पाण्यात सुया धुतलेल्या, सोबत मिळालेल्या सलाईनमध्ये लस कालवली आणि घड्याळ पाहिले. तेथून पुढे ती माझी मुलगी राहिली नाही. एक बाई खुराड्यात हात घालून कोंबडी काढणार, लेक तिचे कातडे चिमटीत धरून अर्धा मिलिलिटर घालणार, विहीणबाई तिला डालग्याखाली सोडणार. मी वहीत रेघ ओढणार. पहिल्या घरी बारा, दुसऱ्या घरी नऊ. कोंबड्या ओरडतात, कुत्री भुंकतात, पोरे डोळे चोळत येतात. ज्या म्हातारीने पहिल्या वर्षी आम्हांला दार दाखवले होते, तिचे आता सर्वांत आधी दिवे लागलेले. पायगुण बोललेली ती हीच, असे मला नंतर कळले. कळले नसते तर बरे, कारण मी तिच्या हातचा चहा घेतला होता.

सातव्या घरी घोटाळा झाला. घरातला लहान नातू उठला आणि नेहमीप्रमाणे त्याने खुराडे उघडले. आम्ही पोहोचलो तेव्हा कोंबड्या काजूच्या झाडाखाली चरत होत्या. धावाधाव केली. कणी टाकली, डालगे टाकले. चार सापडल्या, सात झाडावर गेल्या. त्या घरची बाई रडकुंडीला आली, पोराला मारायला धावली. लेकीने घड्याळ पाहिले, पाऊण तास उरला होता आणि दोन घरे व्हायची होती. तिने क्षणभर झाडाकडे पाहिले आणि म्हणाली, "काकी, त्यांना संध्याकाळी बसल्यावर कोंडून ठेवा. या खेपेला राहू देत." आणि ती पुढच्या घरी चालू लागली. माझे पाय निघेनात. त्या सात कोंबड्यांचे काय? ती म्हणाली, "पुढची कुपी आणीपर्यंत त्या दुसऱ्यांत मिसळायच्या नाहीत, एवढेच. सातांसाठी मी चोवीस घालवू का?"

दोन तास पुरे व्हायला दहा मिनिटे कमी असताना शेवटची कोंबडी झाली. वहीत सत्याऐंशी रेघा. उरलेली लस आणि कुपी तिने उकळत्या पाण्यात टाकली, मग खड्ड्यात पुरली. न्हाऊन आली आणि चाळीस कळशा ओतायला गेली. मी काही बोलले नाही. मीही एक कळशी उचलली.

त्या सात कोंबड्यांसाठी वरच्या वाडीतल्या बायका आठ दिवसांनी कुपी आणणार होत्या, तिच्यात त्यांची सोय लागली, असे मागाहून फोनवर कळले. त्यातली एक मधल्या काळात मुंगसाने नेली. तो वेगळाच रोग, त्याला लस नाही.

निघताना विहीणबाईंनी माझ्या हातात एक टोपली दिली. कोंड्यात पुरलेली तेरा अंडी. खाण्यासाठी नव्हे. "खुडूक कोंबी बघा आणि तिच्या पोटाखाली घाला," असे त्यांनी बजावले. आमच्याकडे कोंबडीच नाही, हे मला त्यांना सांगवले नाही. कुडाळ ते कणकवली, कणकवली ते कोल्हापूर, सबंध फोंडा घाट मी ती टोपली मांडीवर धरून आले. वळणावळणाला गाडी हेलकावे घेई आणि मी अंडी सावरी. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, कोल्हापुरात अंडी मिळत नाहीत का?"

घरी आले. दोन फुटली होती. ह्यांनी टोपलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भुवया चढवल्या. मी काही न बोलता हळदीचा एक रिकामा डबा घासून उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पवारवाड्यातून एक खुडूक कोंबडी उसनी आणली. अंडी एक दिवस निमुळते टोक खाली करून स्थिर ठेवली, मग संध्याकाळी तिच्याखाली घातली. सातव्या रात्री हेच बॅटरी घेऊन आले. अंधारात अंडे उजेडापुढे धरले, तर आत लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे. अकरातली आठ भरली होती. ह्यांनी एकेक अंडे परत पोटाखाली सारले आणि कडब्याच्या शेडचे दार कुठे मोडले आहे ते पाहायला गेले.

आज अठरावा दिवस आहे. लेकीला फोन करून विचारले आहे, सातव्या दिवसाच्या थेंबाची कुपी आमच्या वाडीत आणखी कोणाकोणाला लागेल ते कसे लिहून घेऊ?